रुजवात

झाशीच्या जिल्हा न्यायालयाबाहेर आत्याचं शपथपत्र टाइप करून घ्यायला गेलो, तर काम चार मिनिटांत झालं. तिथेच संशय यायला हवा होता.

आत्या लग्न होऊन झाशीला गेली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. तिच्या सासरच्या कागदांत आडनाव दोन तऱ्हांनी पडलंय. एका कागदावर शेवटी 'कर' आहे, दुसऱ्यावर तो कुणा कारकुनाने खाऊन टाकलाय. दोन्ही नावांची बाई एकच, एवढंच लिहून द्यायचं होतं. दुकानातल्या मुलाने आमचं म्हणणं अर्धं ऐकलं आणि पडद्यावर दोन खिडक्या शेजारीशेजारी उघडल्या. एकीत दुसऱ्याच कुणाचं जुनं शपथपत्र, दुसरीत कोरं पान. माऊसचं डावं बटण दाबून त्याने जुन्या मजकुरावरून निळा पट्टा ओढला, कॉपी, पेस्ट, दोन ठिकाणी नाव बदललं, प्रिंट. "मैटर तो सबका एक ही रहता है अंकल, बस नाम बदलना पड़ता है." घरी आल्यावर आत्याने चष्मा लावून कागद वाचला. तिसऱ्या परिच्छेदात तिच्या वडिलांच्या जागी परक्या माणसाचं नाव तसंच राहिलं होतं. "अरे, या वयात मला नवे वडील कशाला?" ती म्हणाली.

इथून पुढे कॉपी-पेस्टला शिव्या घालणारा लेख लिहिणं फार सोपं आहे. आमची पिढी हाताने लिहायची, आताची मुलं डकवतात, वगैरे. मला तसं वाटत नाही. तो मुलगा चूक करत होता असंही मला वाटत नाही; सगळ्यांचा मजकूर खरोखरच एक असतो. शपथपत्राची भाषा कुणी नव्याने रचावी अशी कुणाची अपेक्षाही नसते. नक्कल करणं हे लिहिण्याइतकंच जुनं आणि तितकंच प्रतिष्ठित काम आहे. माझी तक्रार दुसरी आहे: माऊसने केलेल्या नकलेला आईबाप नसतात. (आत्याला जास्तीचे मिळाले, हा भाग वेगळा.)

त्या दुकानासमोरच्या भिंतीपलीकडे, न्यायालयाच्या आत, नकलेचंच वेगळं खातं असतं. तिथे 'नकल' हा शब्द शिवीसारखा वापरला जात नाही. आपल्याकडेही सातबाराची नक्कल, निकालाची नक्कल असंच म्हणतात, आणि अशा नकलेवर मूळ कागदापेक्षा जास्त मजकूर असतो. अर्ज आल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख. खाली 'नक्कल करणार' आणि त्याच्याशेजारी 'रुजवात घेणार'. एकाने उतरवलं, दुसऱ्याने मुळाशी ताडून पाहिलं, दोघांनी सह्या केल्या. रुजवात हा मला मराठीतल्या अत्यंत सभ्य शब्दांपैकी एक वाटतो. एका माणसाचा डोळा चुकू शकतो हे तो गृहीत धरतो आणि त्यासाठी दुसरा डोळा नेमतो.

पोथ्या उतरवणारे लेखकही शेवटी पुष्पिका लिहायचे. अमक्या शकात, अमक्या तिथीला, अमक्या गावी, अमक्याचा मुलगा अमका याने ही प्रत लिहिली. जशी पोथी समोर होती तशी उतरवली, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. पाठीचा कणा आणि डोळे कसे गेले याचीही तक्रार कुणीकुणी करायचा. ते वाचताना त्या माणसाचा अंगठा पानावर दिसतो.

माऊसने मजकूर उचलण्याची युक्ती ज्यांनी काढली त्यांनाही हा अंगठा पुसायचा नव्हता. त्यांना कात्री वाचवायची होती. डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊसचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. पण आज आपण करतो ते कट-कॉपी-पेस्ट घडलं ते झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत, १९७३ ते १९७५ च्या सुमारास, लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांच्या हातून. जिन नावाच्या पाठ्यपुस्तक प्रकाशन संस्थेतल्या संपादकांसाठी ते 'जिप्सी' हा कार्यक्रम बनवत होते. ते संपादक दिवसभर टंकलिखित कागद कातरायचे आणि गोंदाने दुसऱ्या कागदावर चिकटवायचे. टेस्लरने त्या कात्री-गोंदालाच पडद्यावर आणलं. पुढे ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या यंत्रांतून ते जगभर गेलं.

हे कात्री-गोंद आपल्या छापखान्यांना नवं नव्हतं. वर्तमानपत्रांत पेस्टिंगचं खातं असायचं; ब्रोमाइडच्या पट्ट्या कापून पानावर चिकटवणाऱ्यांची बोटं कायम चिकट. 'दैनिक जागरण' हे आज अवाढव्य झालेलं हिंदी वर्तमानपत्र १९४२ साली याच झाशीत निघालं आणि मग कानपूरला गेलं. गोंदाने चिकटवलेल्या पट्टीला एक गुण असतो, तिची कड दिसते. पानावर बोट फिरवलं की कुठे जोड आहे ते कळतं. पडद्यावरच्या गोंदाला कड नाही. टेस्लरच्या हातून एवढी एकच गोष्ट निसटली, आणि ती त्या वेळी कुणाच्या लक्षात येण्यासारखीही नव्हती.

खिडक्यांच्या सगळ्याच संगणकांवर ही नक्कल एकसारखी चालत नाही. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 'एक्स विंडो' नावाची व्यवस्था बनायला लागली. युनिक्स आणि नंतर लिनक्सच्या संगणकांवर पुढची तीन दशकं तीच होती. तिच्यात मजकूर माऊसने नुसता निवडला तरी पुरे, 'कॉपी' म्हणावं लागत नाही. दुसऱ्या खिडकीत जाऊन मधलं बटण दाबलं की तो तिथे उतरतो. गंमत पुढे आहे. निवडलेला मजकूर त्या क्षणी कुठेही उतरवून ठेवलेला नसतो. ज्या खिडकीत निवडला ती खिडकी फक्त जाहीर करते, 'निवड माझ्याकडे आहे.' तुम्ही मधलं बटण दाबता तेव्हा घेणारी खिडकी मालकाला विचारते, 'कोणत्या रूपात देऊ शकतेस?' आणि मग मजकूर हातोहात दिला जातो. मूळ खिडकी मध्येच बंद केली, तर द्यायला कुणी उरत नाही आणि मधलं बटण मुकं होतं. नवशिक्यांना याचा फार राग येतो. मला हा जुन्या काळचा शिष्टाचार वाटतो. पोथी हवी तर पोथीच्या मालकाकडे जायचं. तो घरी नसेल तर परत फिरायचं.

देशभरच्या जिल्हा न्यायालयांत ई-कोर्ट्स प्रकल्पाखाली उबुंटू हे लिनक्सच्याच घराण्यातलं तंत्र वापरलं जातं. बाहेरच्या टायपिंगच्या दुकानांत विंडोज आणि कृती देव हा फॉन्ट. एका भिंतीच्या दोन बाजूंना नकलेच्या दोन पद्धती नांदतात आणि त्यांची एकमेकींशी ओळख नाही.

कृती देवबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आत्याच्या शपथपत्राचा मजकूर मी माझ्या फोनवर मागवला आणि तिथेच फसलो. कृती देवमध्ये देवनागरी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात रोमन अक्षरं. फॉन्ट त्यांच्या अंगावर देवनागरीचा अंगरखा चढवतो. 'भारत' असं दिसतं त्याच्या आत असतं एच, के, के, जे, आर. फॉन्ट सोबत नसला की अंगरखा गळतो आणि आत्याचं आख्खं शपथपत्र रोमन बाराखडीच्या भुश्शासारखं समोर येतं. मराठीत हाच ताप आपण शिवाजी, आकृती, श्री-लिपी यांच्या निरनिराळ्या बोळांत भोगलाय. एका छापखान्याचा मजकूर दुसऱ्याला द्यायचा तर आधी फॉन्टची जात विचारावी लागे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ साली जागा मिळाली. प्रत्यक्षात मराठी छापखान्यांनी तिकडे वळायला पुढची पंधरा-वीस वर्षं खाल्ली. आजही पीडीएफमधून 'किती' उचलून डकवून पाहा. बऱ्याचदा वेलांटी अक्षर सोडून आधीच पुढे धावलेली असते.

म्हणजे यंत्राची नक्कल अचूक असते हेही अर्धसत्यच. आकडे अचूक जातात, अर्थ कधीकधी वाटेत राहतो. पण हा बिघाड मला प्रामाणिक वाटतो, कारण तो दिसतो. भुस्सा समोर आला की कुणीही म्हणतं, काहीतरी चुकलं. खरा घोळ सुबक, शुद्ध, युनिकोडमधल्या नकलेत होतो. त्याचं झाशीइतकं ठसठशीत उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

झाशीच्या राजवाड्यात ग्रंथसंग्रह होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर उत्तरेत निघाले आणि बंडात सापडले. १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा ते आत होते. त्या संग्रहाचं त्यांनी केलेलं कौतुक वाचण्यासारखं आहे. तिथल्या ग्रंथांच्या नकला करून घ्यायला काशीहूनही माणसं येत. काशीने झाशीकडून उतरवून घ्यायचं, यात केवढा मान होता! शहर पडल्यावर लुटीत तो संग्रह गेला. राहिलं असेल ते ज्यांनी कुणी आधी नक्कल करून नेलं होतं तेवढंच. नकलेला तुच्छ मानणाऱ्यांनी या एका गोष्टीवर थोडं थांबावं. मूळ प्रती जळतात, भिजतात, लुटल्या जातात, आणि ग्रंथ पुढे जातो तो नक्कल करणाऱ्याच्या पाठीवर बसून.

गोडसे भटजींचं स्वतःचं पुस्तकही याच वाटेने गेलं. त्यांनी म्हातारपणी आठवणी लिहिल्या; चिंतामणराव वैद्यांनी त्या १९०७ साली 'माझा प्रवास' म्हणून छापल्या. वैद्यांनी भाषा नीट केली, काही गाळलं, काही घातलं. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली ती १९६६ मध्ये. मधली जवळजवळ साठ वर्षं महाराष्ट्र जे वाचत होता, अमृतलाल नागरांनी 'आँखों देखा ग़दर' म्हणून हिंदीत जे नेलं, ते वैद्यांच्या हाताखालून गेलेले गोडसे. पोतदारांनी रुजवात घेतली म्हणून आपल्याला दोन हात वेगळे दिसतात. मूळ हस्तलिखित कुणीतरी सांभाळून ठेवलं होतं म्हणून ती घेता आली.

त्याच १९६६ साली पुण्यातच भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं मुख्य काम पुरं झालं. १२५९ हस्तलिखितं ताडून. ती ताडायची कशी, तर चुकांवरून. दोन पोथ्यांत एकच चूक असेल तर त्या एकाच आईच्या लेकी. हाताच्या नकलेत चूक हीच जन्मखूण असते. आता माऊसच्या नकलेचा विचार करा. तिच्यात नवी चूक होत नाही. जुनी तेवढी जशीच्या तशी, न थकता, हजार ठिकाणी उतरते. हजार ठिकाणी दिसली की ती चूक वाटेनाशी होते. हजार साक्षीदार एकाच तोंडाने बोलतायत, हे ओळखायला त्यांच्या बोलण्यात थोडा तरी फरक लागतो.

आता मघाचं झाशीचं उदाहरण. राणी लक्ष्मीबाईंची जन्मतारीख शोधा. जिथे पाहाल तिथे बहुधा १९ नोव्हेंबर १८२८ असं दिसेल. फार तर कंसात १८३५ बिचारं उभं असेल. १९ नोव्हेंबरला झाशीत जयंती असते, शाळांची मुलं किल्ल्याकडे जातात. ही तारीख आली कुठून? दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १८९४ साली लिहिलेल्या राणीच्या चरित्रात जन्म दिलाय तो कार्तिक वद्य १४, शके १७५७ असा. म्हणजे १९ नोव्हेंबर १८३५. तिथीची खात्री करायला पंचांगही लागत नाही. २० नोव्हेंबर १८३५ ला सूर्यग्रहण झालं होतं. ग्रहण अमावास्येलाच होतं, तेव्हा आदल्या दिवशी चतुर्दशी. गणित चोख बसतं.

आता १९ नोव्हेंबर १८२८ घ्या. त्या दिवशी चंद्र वाढता होता, शुद्ध द्वादशीच्या आसपास. वद्य चतुर्दशीचा तिथे पत्ता नाही.

झालं काय ते उघड आहे. १८३५ हे वर्ष पुष्कळांना पटत नाही, आणि त्याला कारणंही आहेत. लग्न १८४२ साली झालं. १८३५ धरलं तर नवरी अवघी सहा वर्षांची, १८२८ धरलं तर तेरा वर्षांची. ग्वाल्हेरला पडली तेव्हा एका हिशेबाने बावीस, दुसऱ्याने एकोणतीस. वर्ष बदलण्याचा वाद घालायला माझी हरकत नाही. राणी कदाचित खरंच थोरली असेल. पण १९ नोव्हेंबर ही इंग्रजी तारीख १८३५ च्या तिथीतून निघालेली आहे. वर्ष बदललं की तारीख आपोआप हलते, कारण तिथी दरवर्षी त्याच इंग्रजी तारखेला येत नाही. तारीख एका पुस्तकातली आणि वर्ष दुसरीकडचं, अशी ती जोडलेली आहे. आत्याच्या शपथपत्रासारखंच: वर्षाच्या जागी नवं नाव घातलं, तिसऱ्या परिच्छेदातले वडील तसेच राहिले.

हे पहिल्यांदा माऊसने झालं असं मी म्हणत नाही. हा सांधा संगणकाच्या आधीचा आहे. पण छापील पुस्तकांच्या काळात पारसनीस हाताशी ठेवून कुणी तक्रार केली असती तर तिचं वजन पडलं असतं. आज एका जोडतारखेच्या मागे इतक्या नकला उभ्या आहेत की तक्रार करणाराच वेडा ठरतो.

विद्यापीठांनी यावर काय उपाय काढला? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम केले. प्रबंध यंत्रातून घालायचा. साधर्म्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर माफ, त्यापुढे चाळीस, साठ अशा पायऱ्यांनी शिक्षा चढत जाते. चोरी पकडायला हे ठीक आहे. पण याने शिक्षा होते ती उघड नकलेला. जो विद्यार्थी १८२८ चं वाक्य उचलतो, त्यातले चार शब्द फिरवतो आणि 'मणिकर्णिकेचा जन्म' ऐवजी 'मनूचं आगमन' लिहितो, त्याचं साधर्म्य शून्य. चूक पोचली, कड घासून काढली गेली, वर मौलिकतेचं प्रमाणपत्र. याच्यापेक्षा त्याने वाक्य अक्षरशः डकवलं असतं तर बरं झालं असतं. निदान कुठून आलं ते शोधता आलं असतं. साधर्म्य मोजणं ही रुजवातीच्या नेमकी उलट क्रिया आहे. रुजवात म्हणते, मुळाशी जुळतंय ना? हे यंत्र म्हणतं, कुणाशीही जुळत नाहीये ना?

कुणी म्हणेल, प्रत्येक डकवलेल्या ओळीची कुळकथा कोण लिहीत बसणार? पण यंत्र ती लिहीतच असतं. विंडोजवर वेबपानावरून मजकूर कॉपी केला की तो दोन-तीन रूपांत एकदम उचलला जातो: नुसती अक्षरं, सजावटीसकट, आणि वेबपानाच्या घडणीसकट. या शेवटच्या रूपाच्या माथ्यावर मजकूर कुठल्या पत्त्यावरून घेतला हे नोंदवायची जागा ठेवलेली आहे, आणि ती बहुधा भरलेलीही असते. पुष्पिकाच ती. घेणारा कार्यक्रम बहुतेक वेळा ती वाचून फेकून देतो. वननोट नावाचा टिपणवहीचा कार्यक्रम तेवढा डकवलेल्या मजकुराखाली पत्ता लिहितो, आणि लोक काय करतात? तो पत्ता पुसतात. टेड नेल्सन हा अमेरिकन विचारवंत १९६० पासून असा संगणक मागतोय जिथे अवतरण मुळाशी कायम जोडलेलं राहील, नक्कल दिसेल आणि तिच्यावरून मुळापर्यंत चालत जाता येईल. त्याचं 'झानाडू' हे स्वप्न त्याला हवं तसं कधी उभं राहिलं नाही. तो हरला याचं कारण तंत्रात कमी आणि आपल्या संकोचात जास्त आहे, असा मला दाट संशय आहे. आपल्याला नक्कल करायची असते, नक्कल करणार म्हणून सही करायची नसते. नकलेला चोरी म्हणत राहिलं की नक्कल करणारा लपतो, आणि तो लपला की रुजवात घेणाऱ्याला धरायला कुणी सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन परत त्या दुकानात गेलो. मुलाला काहीच वाटलं नाही. "अरे, रह गया होगा," म्हणत त्याने फाइल उघडली. वडील बदलले. मी पडद्यावर फाइलचं नाव पाहिलं. एका माणसाचं नाव होतं, त्यापुढे 'नया', त्यापुढे 'फाइनल', त्यापुढे २. हा कोण, म्हणून विचारलं. त्याने कधी पाहिला नव्हता. दुकान त्याने कुणाकडून तरी चालवायला घेतलं तेव्हा ही फाइल आधीपासून होती. पहिलं शपथपत्र त्या माणसाचं असावं, मग सगळ्यांची त्यावरच बनत गेली.

आत्याने ते नाव दोनदा वाचलं. मग पिशवीतून कालचा चुकलेला कागद काढून तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. तेच नाव होतं.